घास आणि घंटा

अन्नमार्गाची आकृती आमचे विद्यार्थी सुबक काढतात. परंतु मधल्या सुटीत डबा मात्र घंटेच्या धाकाने कसाबसा संपवितात. ही विसंगती आम्हांस खटकते.

पचनाचा आरंभ जठरात नव्हे, मुखात होतो. आम्ही मूळचे कोकणी बोलणारे, भात खाणारे; सौंसरास आल्यावर ज्वारीच्या भाकरीची गोडी लागली. भात असो वा भाकरी, घास सावकाश चावला की तो गोड लागू लागतो. लाळेतील पाचकरस पिष्टाची शर्करा करू लागल्याची ती खूण होय. गिळलेल्या घासावर मात्र आपली सत्ता उरत नाही. जठरास दात नाहीत, आणि सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे कोणाची आज्ञा ऐकत नाही. चर्वण तेवढे आपल्या हाती आहे.

येथील संत्र्याचेही तसेच. फोडीचा रस चोखून चोथा थुंकू नये. तो पचत नसला तरी मोठ्या आतड्यातील मल पुढे सरकण्यास साहाय्य करतो.

म्हणून शाळांनी मधली सुटी पुरेशी द्यावी आणि विद्यार्थ्यांनी ती आधी भोजनास, मग खेळास द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आकृतीचे गुण परीक्षेत एकदाच मिळतात. नीट चावलेल्या घासाचा गुण रोज येतो.