गप्प मुलगी काय करत होती?

बालमित्रांनो, गटकाम म्हटलं की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, ही आमच्या गटात नको!" का नको? तर म्हणे, ती बोलतच नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिकोणा गडावर प्लॅस्टिक वेचायला गेलो. एका गटात सगळी चटपटीत मुलं. प्रत्येकाला पुढारी व्हायचं होतं! पोतं कुणी धरायचं यावरून चपेटदान मारुतीपाशी भांडण जुंपलं. चूक माझीच. मोठ्या आवाजाची मुलं तीच कामाची, असं समजून मी गट पाडले होते.

गड उतरताना एक गप्प मुलगी हळूच म्हणाली, "बाई, एकजण कमी आहे." ती वाटभर डोकी मोजत होती! चौथीतला एक मुलगा बुटाची नाडी बांधत मागे राहिला होता. तो दिसला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

आता मोठ्यांचा गट पाहू. मुंबईचे डबेवाले तुम्हांला ठाऊक आहेतच. त्यांतले कितीतरी आपल्या मावळातले, मुळशी-खेड-जुन्नरकडचे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास या कामाची घडी बसवली. एक डबा कितीतरी हातांतून जातो. कुणी घरून आणतो, कुणी स्टेशनवर झाकणावरची खूण वाचून डबे निवडतो, कुणी लोकलमधून नेतो, कुणी कचेरीत पोचवतो. वाद झाला तर मुकादम मिटवतो. सगळेच नुसते पळणारे असते आणि शांतपणे खूण वाचणारा कुणी नसता, तर? एकाचा डबा दुसऱ्याच्या टेबलावर!

म्हणजे गटात घाई करणारा हवा, बोलका हवा, भांडण सोडवणारा हवा आणि गप्प राहून पाहणाराही हवा. पण हं, कुणाच्या कपाळावर कायमची चिठ्ठी चिकटवू नका. पुढच्या सहलीत मी त्याच मुलीला गटप्रमुख केलं. पहिल्यांदा तिचा आवाज कापला, मग मात्र सगळ्यांनी ऐकलं.

पालकहो, "आमची बोलतच नाही" असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. "आज काय पाहिलंस?" असं तिला विचारा.

आणि मुलांनो, या आठवड्याचं काम: तुमच्या गटातला सर्वांत कमी बोलणारा काय करतो, ते नीट पाहा. मग त्याच्याशेजारी बसा.