रक्तदाबाची तपासणी एका दिवसाच्या शिबिरापुरती नको

इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांमधून कुठेही विचारा, बीपीची गोळी घेणारे एखादे माणूस निघतेच. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत आहे. तरी वर्षातून एक शिबिर भरले, फलकासमोर फोटो निघाले की आपले समाधान होते. नागरिकहो, एवढ्यावर आपण किती दिवस थांबणार?

१. हा आजार मुकाट्याने वाढतो. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून ‘मला काही होत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावर तोवर घाला पडत असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मोजणी व्हायलाच हवी. त्रास होण्याची वाट पाहणे म्हणजे पक्षाघाताची वाट पाहणे आहे.

२. घाईची मोजणी फसवते. जिना चढून, धापा टाकत आलेल्याला लगेच खुर्चीत बसवतात, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, शेजारच्याशी गप्पा चालू असतात. आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी खिशात, आणि सदरा धुवायला! खरे तर आधी पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला टेका द्यावा, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, अर्धा तास चहा-तंबाखू टाळायला सांगावे आणि दोनदा मोजावे. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टरांकडे पाठवावे. हा पाठपुरावा नोंदीशिवाय होत नाही; ज्या शिबिरात नोंदवही नाही, ते निव्वळ देखावा आहे.

३. वाट आधीच दाखवलेली आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्याच राज्यातला रतलाम जिल्हा होता. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. ठरलेली औषधे, घराजवळ फुकट पुरवठा, परिचारिकेकडून मोजणी आणि न आलेल्या रुग्णाची विचारपूस, एवढ्यावर तो उपक्रम उभा राहिला. जे रतलामला जमते, ते इंदूरला न जमायला कारण काय?

४. व्यायामाचा उपदेश पुरे, चालायला जागा द्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. पण राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत गर्दीतून आणि दुचाकींमधून वाट काढत साठीतल्या बाईने चालायचे तरी कुठे? कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या परिसरात आणि कान्ह नदीच्या काठाने सकाळ-संध्याकाळ निर्धास्त चालता येईल अशी सोय हवी. घरकाम उरकून निघणाऱ्या बायकांसाठी दुपारनंतरचा गट हवा. चालायला रस्ता नसेल, तर व्यायामाचा सल्ला रुग्णाची थट्टा ठरतो.

५. मिठाला लगाम घाला. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, अशी मर्यादा आहे. आपल्याकडे पोह्यांवर शेव, वर जिरावण, जेवणात पापड-लोणचे, रात्री सराफ्यात कचोरी. कोणी चव सोडावी असे नाही. पण गणेशोत्सवाच्या महाप्रसादात कमी मिठाची भाजी ठेवणे मंडळांच्या हाती नाही का? स्वयंपाकघरातला बेफिकीरपणा गोळीचे काम अवघड करतो.

६. जबाबदारी वाटून घ्या. २०१७ पासून स्वच्छतेत सलग अनेक वर्षे पहिले आलेल्या या शहराने घरोघरी कचरा वेगळा करण्याची सवय लावून दाखवली. ती एका दिवसाच्या मोहिमेने लागली नाही. महापालिकेने आणि आरोग्य विभागाने संजीवनी क्लिनिकमध्ये औषधे खंडू देऊ नयेत. दत्तमंदिराने गुरुवारच्या गर्दीसाठी मोजणीची एक खुर्ची ठेवावी. मंडळांनी प्रत्येक गल्लीत दोन स्वयंसेवक नेमावेत; त्यांनी आशा कार्यकर्तीबरोबर नोंदवही सांभाळावी आणि गोळी मध्येच सोडणाऱ्याचे दार वाजवावे. यांतले एकही काम पैशांवाचून अडलेले नाही, इच्छेवाचून अडले आहे.

तेव्हा पुढच्या शिबिराचे निमंत्रण आले, की आयोजकांना एवढेच विचारा: नोंदवही कोणाकडे राहणार आणि पुढची तारीख कोणती? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि ज्यांच्या घरी बीपीची गोळी आहे, त्यांनी ती आज घेतली का, हेही विचारा.