आधी पाय, मग टाळी

लातूरजवळच्या औशाला नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा आहे. तिथे गाणारे एका जागी बसत नाहीत, मृदंगाच्या ठेक्यावर फिरत गातात. आवर्तन कुठे वळलं ते बघणाऱ्याला दिसतं. फिरणाऱ्याच्या पायांना त्याआधीच कळलेलं असतं.

लातूर-नांदेडकडच्या संगीतवर्गांत ताल शिकवायचा म्हणजे मुलाला मांडी घालून बसवायचं आणि सहा मात्रांच्या दादऱ्याचे बोल टाळी-खालीसह पाठ करून घ्यायचे. परीक्षेपुरतं ते भागतं, दुगुनही जमते. गाणं सुरू झालं की मात्र तेच मूल सम शोधत गुरुजींच्या मानेकडे बघत बसतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सात महिन्यांच्या बाळांना कुठेही आघात नसलेला सहा मात्रांचा ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. पुढे तोच ठेका आघातांसह वाजवला, तेव्हा ज्याला जसं झुलवलं होतं तसाच आघात त्याने जास्त वेळ ऐकला. डोळे बांधले तरी फरक पडला नाही. दुसऱ्याला झुलताना नुसतं बघून मात्र हे साधलं नाही. तबलजींनी इथे जरा थांबावं. सहा मात्रा तीन-तीन की दोन-दोन-दोन, हे बाळाच्या अंगाने ठरवलं.

मग नांदेडच्या हजूर साहिबमध्ये शांत बसून कीर्तन ऐकणाऱ्या भाविकांचं काय? ठेका ऐकताना निश्चल माणसाच्याही मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात, हे मेंदूच्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा दोष बसण्याला नाही. कधी फिरूच न देण्याला आहे.

स्वराचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. तार षड्ज ‘वर’ असतो, हे शिक्षकांनी गृहीतच धरलेलं असतं. पेटीवर तो उजवीकडे असतो. देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात सांगितला. त्याच ग्रंथात बावीस श्रुती दाखवणाऱ्या वीणेच्या तारा मात्र जसजशा खाली जातात तसतसा त्यांचा स्वर चढत जातो. एकाच आचार्याला दोन्ही दिशा चालल्या! मग पेटी बघत वाढलेल्या मुलीने मींड घेताना हात आडवा ओढला, तर तिला टोकायचं कारण काय?

तालाचा उपाय मात्र सोपा आहे: दादऱ्याच्या पहिल्या तासाला सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात. तीन पावलं पुढे, तीन मागे; बोल दुसऱ्या तासाला. खोली अपुरी पडली तर व्हरांडा आहेच.