काझीगुंडचा सेल्फ, नाशिकची तयारी

नाशिकहून कांदा किंवा किराणा घेऊन श्रीनगरला जायचं आणि येताना वाशीच्या बाजारासाठी सफरचंद भरायचं, अशा फेऱ्या करणाऱ्या मालकांची हिवाळ्यातली तक्रार ठरलेली असते : ड्रायव्हर रात्रभर इंजिन चालू ठेवतो, डिझेल जाळतो. तक्रार खोटी नाही. जड गाडीचं इंजिन नुसतं उभ्या-उभ्या तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल पितं. जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फाने किंवा दरडीने बंद झाला आणि काझीगुंडला दोन-तीन रात्री अडकून पडलं, की हा आकडा चांगलाच बोचतो. पण ड्रायव्हर इंजिन बंद का करत नाही? बंद केलं तर पहाटे ते पुन्हा लागेल याचा त्याला भरवसा नसतो. आणि तो भरवसा घालवण्याचं काम बहुतेक वेळा आपल्याच गॅरेजात, महिनाभर आधी झालेलं असतं.

डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. ब्लॉक आणि पिस्टन गारठलेले असले की ती उष्णता लोखंडच शोषून घेतं. जाड झालेलं ऑईल क्रँकला धरून ठेवतं, म्हणजे सेल्फला जोर जास्त हवा. आणि नेमकी तेव्हाच बॅटरी हात आखडते. उणे १८ अंशांला तिची ताकद निम्म्यावर येते. लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवर हवाही विरळ. मग सेल्फ कुंथतो, सायलेन्सरमधून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो आणि गाडी काही लागत नाही.

आता आपल्या मिस्त्रींची एक लाडकी खोड. उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. विदर्भातल्या मे महिन्यात त्याने तात्पुरता दिलासा मिळाल्यासारखा वाटतो. रेडिएटरमधला गाळ तसाच राहतो, ती गोष्ट वेगळी. पण तीच गाडी डिसेंबरात बनिहालच्या पुढे गेली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहतं आणि ८० अंशांच्या वर जायला हवं ते इंजिन चढावर थोडं तापून उतारावर पुन्हा गार पडतं. गार सिलिंडरच्या भिंतीवरून न जळलेलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, त्यात पाणी साठून चिखल होतो. अशा इंजिनाला तासभर रेस दिली तरी उपयोग नाही. उत्तरेकडे गाडी पाठवणाऱ्याने आधी हाऊसिंग उघडून थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघावं. शंभर रुपयांच्या हिशेबात लाखाचं इंजिन घालवण्याची ही रीत आपण का जपली आहे, कळत नाही.

कूलंटचंही तेच. गळती दिसली की रस्त्यात साधं पाणी ओतत राहायचं. वर गेल्यावर ते गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत काळजी नाही. नुसतं ग्लायकॉल भरणारे शहाणेही आहेत, पण ते उणे १३ च्या आसपासच गोठतं. ऑईल १५डब्ल्यू-४० असेल तर काश्मीर खोऱ्यापुरतं चालून जातं, कारण या श्रेणीची गारठ्यातली चाचणी उणे २० अंशांला होते. भर हिवाळ्यात लडाखला उतरायचं असेल तर ५डब्ल्यू हवं.

डिझेलबद्दल मात्र फारसा विचार होत नाही. भारतीय मानकात हिवाळ्याच्या डिझेललाही फिल्टर तुंबण्याचं तापमान ६ अंशांपर्यंत चालतं. म्हणजे इथे फुल केलेली टाकी घेऊन वर गेलात, तर मेण धरून फिल्टर बसणार, हे जवळपास ठरलेलं. इंडियन ऑईलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं, ते याच कारणाने. तेव्हा टाकी वर पोचेपर्यंत बरीच रिकामी व्हावी आणि तिथलं डिझेल भरावं. रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय बीएस-६ गाडीत करू नका. १० पीपीएम गंधकाच्या इंधनासाठी बनवलेला कॅटॅलिस्ट त्याने बसतो, आणि पंपाचं वंगण जातं ते वेगळंच. टाकीखाली काकडा पेटवणं, इनटेकला हीटर असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारणं, हे तर जिवावरचे खेळ.

इंजिन लागल्यावर पहिलं अर्धं-एक मिनिट रेस देऊ नये, टर्बोच्या बेअरिंगपर्यंत ऑईल पोचू द्यावं. ब्रेकची हवा भरली की निघावं, हलक्या पायाने, खालच्या गिअरमध्ये. डिझेल इंजिन उभं राहून गरम होत नाही, ओझं ओढून होतं. बीएस-६ मध्ये तासन्‌तासाच्या आयडलिंगने काजळीचा फिल्टर तुंबतो, ते निराळंच. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचा तर इंटरकूलरसाठी मधली जागा मोकळी ठेवा आणि चढ लागला की काढा. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं पाणी, उणे ११ ला गोठतं आणि फुगतं, म्हणून त्याची टाकी काठोकाठ भरू नये. गोठलंच तर गाडीची यंत्रणा ते आपसूक वितळवते, वरून गरम पाणी ओतायचं नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात इंजिनाला विजेचा हीटर जोडायची युक्ती काढली. आज तिकडे रात्री गाडी प्लगला लावतात. काझीगुंडच्या रांगेत प्लग कुठून आणणार? तिथे डिझेलवर चालणारा कूलंट हीटर कामाचा. तो तासाला अर्धा-पाऊण लिटरमध्ये इंजिन सुरू न करताच ब्लॉक गरम करतो. बसवायला महाग आहे, पण त्याच्या जोडीला केबिनचा हीटरही मिळत असेल तर मालकांनी किंमत पुन्हा मोजावी. कारण ड्रायव्हर रात्री इंजिन चालू ठेवतो तो निम्मा स्वतःच्या उबेसाठी. बंद काचांच्या केबिनमध्ये पेटती शेगडी घेऊन, किंवा बर्फात सायलेन्सर गाडला गेलेला असताना इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्याला कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. डिझेलची वजावट पगारातून करणाऱ्यांनी आधी त्याला रात्री ऊब कुठून मिळणार, ते ठरवून मग गाडी रवाना करावी.