धीर आणि हुन्नर

२०१८ साली आलेला ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा व्हिडिओ गेम फक्त प्रौढांसाठी आहे. पण त्यातील एक उपकथा तुम्ही ऐकावी असे मला वाटते. काळ १८९९ चा, देश अमेरिका. शार्लट व तिचा नवरा शहर सोडून रानात राहायला येतात. अस्वल नवऱ्याला ठार मारते. शार्लट उपाशीपोटी कबरीजवळ बसून राहते. आर्थर तिचे नुसते सांत्वन करत नाही. तो तिला शिकार शिकवतो. पुढे आजारी आर्थर तिच्या घरी कोसळतो, तेव्हा तीच त्याला सांभाळते!

दुःखी माणसाला ‘विसरून जा’ म्हणणे सोपे आहे. दुःख विसरता येत नाही. पण ते सोबत घेऊन जगता येते. म्हणून केवळ दया दाखवू नका, जगण्याचे एखादे काम शिकवा. उद्या तोच माणूस दुसऱ्याला आधार देईल.