नववर्षाचा जयभीम आणि खिडकीतला रुमाल

मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईचा माणूस लगेच जंजिऱ्याची चौकशी करतो. समुद्र कसा आहे, मासळी मिळते का? त्याला सांगावे लागते, बाबा रे, आमचे मुरुड लातूर जिल्ह्यातले, बार्शी रस्त्यावरचे. इथे समुद्र कुठला, नळाला पाणी आले तरी पुष्कळ!

३१ डिसेंबरची रात्र मात्र आमच्याकडेही जागवली जाते. काही जण ढाब्यावर जागतात, काही गाडीत. गाडीतले बार्शी, टेंभुर्णी करत पुण्याच्या पुढे भीमा कोरेगावला विजयस्तंभापाशी निघालेले असतात. २०१८ च्या दगडफेकीनंतरही ही वाट बंद पडली नाही. अशा वेळी कोणीतरी शहाणा हटकून म्हणतोच, 'हे इंग्रजांचे नववर्ष, आपले नव्हे.' पगार मात्र त्याला त्याच इंग्रजी महिन्याच्या तारखेला हवा असतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले. त्याच वर्षी २० मार्चला महाडचे चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. वर्षाची सुरुवात कशी करावी आणि शेवट कसा, याचा आणखी कोणता वस्तुपाठ हवा?

आता सार्वजनिक शिष्टाचाराविषयी. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला फुकट मिळालेला नाही. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पुढे कोर्टात भांडावे लागले आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पेशवाईत पुण्यामध्ये अस्पृश्यांना थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, हे बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या भाषणात लिहून ठेवले आहे. आज कोणत्याही बसस्थानकाच्या कोपऱ्यात जा. सर्व जातिधर्मांचे लोक एकाच भिंतीवर, खांद्याला खांदा लावून पिचकारी मारताना दिसतील. समतेचा एवढा एकच कार्यक्रम यशस्वी झाला की काय, अशी शंका येते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे म्हणतात. भिंतीला अजून ते कोणी कळवलेले नाही.

नववर्षाच्या तोंडावर मोठी वर्तमानपत्रे शिस्तीचे धडे देतात. रांगेत उभे राहा, हॉर्न वाजवू नका. चांगलेच आहे. पण आमच्या वस्तीतल्या सत्तरीच्या आजोबांना शाळकरी पोरगा नावापुढे 'या' लावून 'ए' म्हणून हाक मारतो, त्याचा धडा कधी छापून आलेला दिसत नाही. गावातला पहिला शिष्टाचार तोच आहे, आणि तो पुस्तकात नसतो, घरात शिकवला जातो.

आपलेही जरा तपासू या. व्यासपीठावर सगळेच 'आयुष्मान' असतात. सभा संपली की मंडपवाल्याच्या पोराला 'ए पोऱ्या, चहा आण!' बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांची चाळीस तोंडे मधोमध. भोंगा रात्री दहाला बंद करायचा हा नियम पोलिसांनी येऊन सांगेपर्यंत कोणालाच आठवत नाही. जयंती आपली, पण कडेच्या घरात उद्या दहावीचा पेपर असलेली पोरगीही आपलीच ना? 'शिका' हा आदेश तीच तर पाळत असते. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारीला नामविस्तार दिन, म्हणजे भोंग्याची कसोटी पहिल्या पंधरवड्यातच लागते.

रुमालाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. एसटी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचा हक्क मराठवाड्याने ठराव, सत्याग्रह, कोर्ट यांपैकी काहीही न करता मिळवलेला आहे. कोरेगावच्या गाडीतही तो तसाच चालतो, आणि खाली उभ्या म्हातारीला जागा द्यायची वेळ आली की रुमालवाल्याला नेमकी झोप लागते.