नाव नसलेली माणसे

जुनी छायाचित्रे म्हटली की संस्थानिकांचे दरबार, गव्हर्नरांच्या स्वाऱ्या आणि अधिवेशनांच्या व्यासपीठांवरील पुढारी डोळ्यांपुढे येतात. स्मरणिकांतून व विशेषांकांतून तीच चित्रे पुन्हा पुन्हा छापली जातात आणि गतकाळ एकंदरीत भरजरी व शिस्तबद्ध होता, असा समज नकळत दृढ होत जातो. परंतु सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याचा पुरावा हवा असेल, तर छायाचित्राइतके बोलके आणि त्याच वेळी छायाचित्राइतके फसवे साधन दुसरे नाही. ते वाचावे कसे, हा प्रश्न केवळ इतिहास-संशोधकांचा नव्हे. कष्टकऱ्यांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

या कलेच्या जन्मकथेतच एक अर्थपूर्ण योगायोग आहे. लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. काचेसमोर दृश्य कित्येक मिनिटे स्थिर राहणे आवश्यक असल्याने गाड्याघोडे आणि पादचारी यांचा मागमूसही त्यात उरला नाही. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. त्याचे बूट पुसणारा मात्र अस्पष्ट डागासारखा दिसतो. थांबण्याची सवड असणारा चित्रात आला आणि ज्याचे हात चालत होते तो पुसट झाला. पुढे तंत्र सुधारले, वेळ सेकंदांवर आला. तरी एकोणिसाव्या शतकातील पुष्कळशा चित्रांत इमारती रेखीव आणि हमाल, फेरीवाले धूसर, हे दृश्य कायम राहिले. त्या काळातील रस्ते ओस होते असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. राबणारी माणसे तेथे होतीच. यंत्राला ती टिपता आली नाहीत.

मुंबईत ही कला फार लवकर आली. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय तिच्यात हिरिरीने वावरत होते. पण कॅमेऱ्याची मालकी, काचा आणि रसायनांचा खर्च आणि कोणाचे चित्र घ्यावयाचे हा निर्णय, या तिन्ही गोष्टी मूठभरांच्याच हाती होत्या. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आणि मागील देखावे दुसऱ्याच चित्रांतून आणून जोडलेले आहेत. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांचा बाजही तोच. त्यातील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जात आहे. त्याचे काम कोणते, त्याला रोजगार किती, त्याच्या घरात खाणारी तोंडे किती, याची चौकशी करण्याची गरज राज्यकर्त्यांना भासली नाही. माणूस हा त्यांच्या लेखी नमुना होता.

असे असूनही ही चित्रे टाकाऊ ठरत नाहीत. कारण छायाचित्रकाराला जे दाखवावयाचे असते त्याहून अधिक काही काचेवर उमटून जाते. याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगची छायाचित्रे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी हा रोग ओळखला. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. समितीच्या कामाची छायाचित्रे घेण्यात आली, कॅप्टन सी. मॉस यांच्या नावावर असलेले त्यांचे आल्बम आज परदेशांतील संग्रहालयांत जतन केलेले आहेत. सरकार किती दक्ष आहे, किती पद्धतशीरपणे काम करते, हे वरिष्ठांना दाखवणे हा त्यांचा उघड हेतू. म्हणून त्यांत झडतीची पथके आहेत, घरे धुऊन काढणारे पंप आहेत, ओळीने खाटा मांडलेली इस्पितळे आहेत.

परंतु नजर साहेबाच्या टोपीवरून काढून मागील भिंतीकडे वळवावी. मग दिसतात त्या एकमेकींना खेटून उभ्या चाळी, अरुंद गल्ल्या, आणि प्रकाशाचा शिरकाव होऊ न देणाऱ्या कोठड्या. काही घरांच्या छपरांची कौले उतरवलेली दिसतात. आत ऊन-वारा जावा म्हणून ती काढण्यात येत. ज्या घरात ऊन येण्यासाठी छप्पर काढावे लागते, ते घर बांधताना मालकाने भाड्याचा हिशेब कसा केला असेल, हे सांगण्यास आणखी पुरावा लागत नाही. दारांवर रोगाची नोंद दाखवणारी वर्तुळे रंगवलेली आहेत. वेगवेगळ्या समाजांची वेगवेगळी इस्पितळे आहेत. म्हणजे मरणाच्या दारातही जात आणि धर्म सुटलेले नव्हते. समितीने कार्यक्षमतेची साक्ष काढली. काचेने दारिद्र्याचीही साक्ष नोंदवली.

आता या चित्रांत काय नाही तेही पाहिले पाहिजे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. सक्तीने नेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांची भीती होती. तो संताप आल्बममध्ये नाही. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे निघून गेली, गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली आणि मालकांना रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून कामगारांसाठी चढाओढीने बोली बोलावी लागली. एरवी महिना-दीड महिना मजुरी अडकवून ठेवणाऱ्यांना रोजचा पैसा रोज द्यावा लागला. कामगारांच्या सौदाशक्तीचा असा प्रत्यय त्यापूर्वी क्वचितच आला असेल. पण मजुरीचे छायाचित्र निघत नाही. कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये याच साथीत गेले. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले मार्चमध्ये गेल्या. त्यांचे काम सरकारी आल्बमच्या विषयात बसणारे नव्हते. म्हणूनच छायाचित्राला हजेरीपट, भाडेपावती, जनगणनेचे तक्ते आणि लोकांच्या आठवणी यांची जोड दिल्याशिवाय ते पुरते बोलत नाही.

चित्राचा अर्थ कोण लावतो यावर पुढचे धोरणही ठरते. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्ती म्हणजे रोगाचे घर, असा अर्थ लावून त्याने वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. परंतु पहिल्या काही वर्षांत जितक्यांना घराबाहेर काढले तितक्यांना घरे दिली नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. १९११ च्या जनगणनेतही मुंबईतील दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते. छायाचित्रात घाण दिसली. ती घाण निर्माण करणारे भाडे आणि तुटपुंजी मजुरी दिसली नाही, किंवा पाहावयाची नव्हती. झोपडपट्टीचे चित्र दाखवून झोपडीवासीयालाच दोषी ठरवण्याची ही रीत अद्याप संपलेली नाही. १८९७ चाच साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा अमलात आला. त्या वर्षी पायी गावाकडे निघालेल्या मजुरांची असंख्य छायाचित्रे निघाली. त्यांतील कितीजणांची नावे कोठे लिहून ठेवली गेली?

सरकारी आल्बमांखेरीज आणखी एक मोठा साठा आहे आणि त्याची कोणीच मोजदाद केलेली नाही. तो गिरणगावातील घरांच्या ट्रंकांत आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतींवर आहे. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगाराने पहिल्या पगारातून काढवून गावी पाठवलेला फोटो. रंगवलेल्या पडद्यापुढे, कदाचित उसन्या कोटात. लग्नानंतरचे जोडपे, तो खुर्चीवर आणि ती उभी. चाळीच्या गणपतीपुढील मेळा, व्यायामशाळेचे पेहलवान, युनियनच्या मोर्च्यात लाल बावटा धरलेल्या बायका. या चित्रांत प्रथमच कामगार नमुना म्हणून नव्हे, तर स्वतःच्या इच्छेने उभा आहे. आपण कसे दिसावे हे त्याने स्वतः ठरवले आहे. उसना कोट हे ढोंग नव्हे. सन्मानाने जगण्याच्या हक्काची ती मागणी आहे, आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांतील सरासऱ्यांत ती कोठेही सापडत नाही.

हा साठा झपाट्याने नष्ट होत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यांतील जे हयात आहेत ते आता वार्धक्यात आहेत. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, जुन्या चाळी पाडल्या जात आहेत, आणि बिऱ्हाड हलवताना सर्वांत आधी टाकले जातात ते कागद आणि फोटो. चित्र टिकले तरी त्यातील माणसे ओळखणारे शेवटचे डोळे मिटले, की पुन्हा तेच होते: चेहरा उरतो, नाव जाते.

यासाठी मोठ्या निधीची वा सरकारी समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेतील दोन-तीन कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील वृद्धांकडे जावे, त्यांचे फोटो त्यांच्या संमतीने उतरवून घ्यावेत आणि मूळ प्रत त्यांच्याच घरी ठेवावी. चित्रात कोण आहे, कोठे व केव्हा काढले, त्या वेळी काम कोणत्या खात्यात होते, पगार किती, खोलीत माणसे किती, हे विचारून लिहून ठेवावे. चित्रातील बायकांची नावे ‘अमक्याची पत्नी’ अशी न लिहिता त्यांची स्वतःची लिहावीत. जो फोटो काढण्यास नकार देईल त्याच्या नकाराचा मान राखावा. कारण विनासंमती टिपले जाण्याचा अनुभव गरिबांनी पुरेसा घेतला आहे.

इंग्रज अमलाने आपल्या लोकांची चित्रे जमवली आणि त्यांखाली जाती लिहिल्या. त्याच लोकांची नावे लिहिण्याचे राहिलेले काम चळवळीचे आहे, आणि ते करण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.